घुमट जमिनीवर आणताना: इस्फहानच्या एका गालिच्याचं प्रकरण

इमारतीवरून गालिचा करायचा म्हटलं की आधी पुढे येतो तो तिच्या दर्शनी भागाचा फोटो. कमानी, खिडक्या, मनोरे, एखादी ओळखीची आकाशरेषा. फोटो आलेखाच्या चौकटींवर उतरवला, रंगांचे नंबर घातले, माग लावला की काम सुरू. गालिचा हातानं गाठ मारलेला असतो, लोकर उत्तम असते, वीण स्वच्छ असते. आणि तरी तो जमिनीवर पसरल्यावर दारातून येणाऱ्याला इमारत उलटी दिसते, बाजूला बसलेल्याला आडवी. असे गालिचे कालांतरानं भिंतीवर जातात. तिथे ते चित्र म्हणून शोभतातही, पण मग एवढ्या गाठी मारल्या कशाला, हा प्रश्न उरतोच.

इराणमधल्या इस्फहान शहरातली एक नक्षी मात्र भिंतीवर गेली नाही. नक्श-ए-जहान चौकातल्या शेख लुत्फुल्लाह मशिदीच्या घुमटाची आतली बाजू विणकरांनी गालिच्यावर उतरवली आणि ती जमिनीवरच राहिली. इस्फहानबाहेर, इराणमधल्याच तब्रीझ शहराच्या मागांवरही ती विणली जाते. इराणच्या गालिचा व्यवसायात नक्ष्यांचे जे १९ गट मानतात, त्यांत प्राचीन वास्तू आणि इस्लामी इमारती असा एक स्वतंत्र गटच आहे. त्या गटातली सगळ्यात जमलेली नक्षी, माझ्या मते, हीच. ती का जमली, हे इथे एक ठरावीक काम समोर ठेवून पाहू.

काम असं: २ मीटर व्यासाचा गोल गालिचा, ७० रजचा. रज म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर रुंदीत बसणाऱ्या गाठी. ७० रज म्हणजे सेंटिमीटरला १०, चौरस मीटरला १० लाख आणि या पूर्ण गोलात ३१ लाखांहून अधिक गाठी. दिवसाला ८,००० गाठींचा हात धरला तर एका विणकराला सुमारे ३९० दिवस. दोघी शेजारी शेजारी बसल्या तर त्याच्या निम्मे. गोल गालिचाही चौकोनी मागावरच विणला जातो आणि तळापासून वर चढत जातो. म्हणजे नक्षीचा मध्य दिसायला लागेपर्यंत अर्धे दिवस संपलेले असतात, आणि तोवर आराखड्यातली चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून या प्रकरणातले खरे निर्णय मागावर होत नाहीत. ते कागदावर होतात.

इमारत काय देते

इराणचा बादशहा शाह अब्बास यानं १५९८च्या सुमारास राजधानी कझवीनहून इस्फहानला हलवली आणि सुमारे ५६० मीटर लांब, १६० मीटर रुंद असा चौक आखला. उत्तरेला बाजाराचा दरवाजा, दक्षिणेला शाही मशीद, पश्चिमेला अली कापू राजवाडा आणि पूर्वेला ही छोटी मशीद. तिचं काम १६०३ ते १६१९ या काळातलं. मेहराबीजवळ, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याजवळ, कारागिराचं नाव आहे: उस्ताद हुसेन बन्ना इस्फहानी यांचा मुलगा मुहम्मद रेझा. मशिदीला मिनार नाही, अंगण नाही. दारातून आत गेलं की सरळ प्रार्थनेच्या दालनात पोचता येत नाही. एक अंधारी, वळणारी वाट आधी लागते. कारण चौकाची दिशा एक आणि मक्केची दिशा दुसरी. दालन चौकाच्या रेषेपासून सुमारे ४५ अंशांनी फिरवलेलं आहे आणि ती फिरकी या वाटेत मुरवलेली आहे.

या वाटेचा गालिच्याशी संबंध आहे. वळण घेत आत आलेल्या माणसाला चौक कुठल्या बाजूला राहिला याचा अंदाज राहत नाही, आणि वर पाहावं तर घुमटालाही दिशा नाही. दिशा सांगते ती फक्त मेहराब. घुमट सगळीकडून सारखा. दालनाचा पाया चौरस, त्यावर फिरोजी रंगाच्या पिळाच्या किनारीनं आखलेल्या आठ कमानी, त्यावर १६ खिडक्यांचं वर्तुळ आणि मग घुमट. घुमटावर लिंबाच्या आकाराच्या चौकटींच्या ओळी आहेत. खाली मोठ्या, वर जाताना लहान होत होत शिखरावरच्या सूर्यफुलासारख्या गोलात मिटणाऱ्या. प्रत्येक लिंबात वेलबुट्टीचं चकचकीत टाइलकाम, आणि दोन लिंबांच्या मध्ये साधी, बिनचकाकीची, मातकट विटेची जागा.

ही साधी जागा लक्षात ठेवायला हवी. त्याच चौकातल्या शाही मशिदीचा घुमट याहून कितीतरी मोठा आणि प्रसिद्धही. पण तिथे चकचकीत टाइलांनी सगळा पृष्ठभाग झाकलेला आहे, डोळ्याला थांबायला जागा नाही. लुत्फुल्लाहच्या घुमटात जमीन आणि बुट्टी वेगळी आहे, आणि गालिच्यालाही नेमकं तेच लागतं.

वरून, खालून, समोरून

वास्तुविशारद इमारत तीन प्रकारे काढतो: वरून पाहिलेला नकाशा, खालून पाहिलेलं छत आणि समोरून पाहिलेली भिंत. यातले पहिले दोन गालिच्यावर सुखानं नांदतात. तिसरा नांदत नाही, कारण भिंतीला वर-खाली असतं आणि जमिनीला नसतं.

नकाशाचं उत्तम उदाहरण जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात आहे. इराणात विणलेला हा बागेचा गालिचा १६३२च्या आधीचा. मध्ये घुमटाचा मंडप, चारी बाजूंनी कालवे, त्यांत मासे आणि बदकं, काठानं झाडं. पक्ष्याच्या नजरेनं पाहिलेली चारबाग. छताचं उदाहरण म्हणून अर्दबीलचा गालिचा घेता येतो. तो १५३९-४० सालचा, १० मीटरहून लांब, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. मधल्या मोठ्या तुरंजाभोवती, म्हणजे पदकासारख्या आकाराभोवती, १६ टोकदार अंडाकृती आणि दोन्ही टोकांना लोंबणारे दोन दिवे. घुमटाकडे खालून पाहिल्यासारखीच ही रचना. त्या दोन दिव्यांचे आकार सारखे नाहीत. एक तर्क असा की एका टोकाला उभं राहून पाहिल्यावर दोन्ही सारखे दिसावेत म्हणून लांबचा दिवा मोठा विणला. तसं असेल तर त्या नक्काशालाही, म्हणजे नक्षीचा आराखडा काढणाऱ्यालाही, हाच पेच पडला होता: दिवा ही वस्तू लोंबते, म्हणजे तिला दिशा आली, आणि दिशा आली की पाहणाऱ्याची जागा ठरवावी लागते.

नमाजाचा गालिचा हा अपवाद. त्यावर कमान असते, म्हणजे समोरून पाहिलेली भिंतच. पण तो एकाच दिशेनं अंथरायचा असतो, एकच माणूस त्यावर एकाच बाजूला तोंड करून बसतो. दिशा हाच त्याचा उपयोग आहे, त्यामुळे कमान तिथे शोभते. बैठकीच्या गालिच्याला ही सवलत नाही.

अर्धगोल सपाट कसा करायचा

आता पहिला अवघड निर्णय. घुमट वाकलेला आहे, गालिचा सपाट. हिशेब सोपा व्हावा म्हणून घुमट नेमका अर्धगोल धरू आणि कडेपासून शिखरापर्यंतच्या वक्राचे तीन सारखे भाग पाडू. आपल्या गालिच्याची त्रिज्या १०० सेंटिमीटर आहे.

पहिला रस्ता म्हणजे ओळंबा सोडल्यासारखं सगळं सरळ खाली उतरवायचं. मग शिखराकडचा भाग ५० सेंटिमीटर खातो, मधला ३७, आणि कडेचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या लिंबांचा, उरलेल्या १३ सेंटिमीटरमध्ये कोंबला जातो. घुमटाची तिथली बाजू जवळजवळ उभी असते, तिचा ठसा जमिनीवर नावापुरताच पडतो. मोठी लिंबं चपटी होतात. मोजमाप अचूक, पण दिसायला पार बिघडलेलं.

दुसरा रस्ता वक्र उलगडून सरळ करायचा. तिन्ही भागांना ३३-३३ सेंटिमीटर. उंची नीट येते, पण कडेचा घेर खऱ्या घेराच्या दीडपटीहून जास्त पसरतो आणि लिंबं रुंद, फुगलेली दिसतात.

जमलेल्या गुंबदी, म्हणजे घुमटाच्या नक्षीच्या, गालिच्यांत तिसरा रस्ता दिसतो. लिंबाच्या उंचीचं रुंदीशी प्रमाण कायम ठेवायचं आणि प्रत्येक ओळ आतल्या ओळीपेक्षा त्याच पटीत वाढवायची. असं केलं की तीन भागांना साधारण २७, ३१ आणि ४२ सेंटिमीटर मिळतात. नक्काशाला यासाठी गणित मांडत बसावं लागत नाही. कंपास आणि प्रमाण यांवर काम होतं. मोजपट्टी लावली तर हे तिन्हींतलं सगळ्यात 'चुकीचं' चित्र आहे, कारण कडेची लिंबं मापापेक्षा मोठी आणि मधली लहान झाली. पण मध्य आक्रसल्यामुळे तो लांब गेल्यासारखा वाटतो आणि सपाट लोकरीत खोली येते. गालिच्याजवळ उभं राहिल्यावर घुमटाखाली उभं राहिल्याचा जो भास होतो, तो या मोडतोडीतून होतो. फोटोवरून सरळ चौकटींवर उतरवलेल्या नक्षीत नेमकं हेच नसतं, आणि ती दुरूनच ओळखू येते.

गाठ चौकोनी, घुमट गोल

मशिदीतलं टाइलकाम दोन जातींचं आहे. मुअर्रक या पद्धतीत नक्षीचा कागद कापून त्याचे तुकडे रंगीत टाइलांवर चिकटवतात, टाइल त्या आकारात टाचून घेतात, सगळे तुकडे पालथे जुळवतात आणि मागून चुन्या-गचाचा थर ओततात. तुकडा हवा तसा वळवता येतो. दुसरी हफ्त-रंगी: चौकोनी टाइलांवर रंगानं नक्षी काढून एकदाच भट्टी. काम लवकर उरकतं, खर्च कमी येतो. दोन्हींत वळणदार रेषा खरोखर वळणदार असते. गालिच्यात रेषा अशी नसतेच. तिथे फक्त पायऱ्या असतात, एक गाठ वर, दोन गाठी बाजूला.

इथे रज आड येतो. शिखराच्या गोलाजवळ, मध्यापासून १० सेंटिमीटरवर, समजा एका फेरीत ३२ लिंबं बसवायची आहेत. तिथला घेर ६३ सेंटिमीटर, एका लिंबाच्या वाट्याला जेमतेम २ सेंटिमीटर. ७० रजला त्या रुंदीत २० गाठी मिळतात: दोन्ही कडांना बाह्यरेषा, मध्ये देठ, वर एक कळी. तेवढ्यात भागतं. हीच नक्षी ३० रजला विणली तर गाठी उरतात ८. त्यात बाह्यरेषाच सगळी जागा खाते आणि लिंब म्हणजे एक ठिपका होतो. म्हणून कमी रजच्या गालिच्यात शिखरावरचा गोल मोठा घ्यावा आणि आतल्या एक-दोन ओळी गाळाव्यात. तसं न करता भारी गालिच्याचा आराखडा तसाच स्वस्त मागावर चढवला की मध्ये नुसता रंगांचा चिखल दिसतो. बाजारात असे गालिचे कमी नाहीत.

दुसरी गोष्ट सममितीची, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यात सुंदर अडचण वाटते. एरवीच्या लचक-तुरंज नक्षीत, म्हणजे मध्ये तुरंज आणि चार कोपरे असलेल्या नक्षीत, पाव भाग काढला की पुरतो; उरलेला उलटसुलट करून विणतात. घुमटात ३२ लिंबं सारखी दिसायला हवीत, पण चौकटींचा कागद ३२ दिशांना सारखा नसतो. आडव्या-उभ्या रेषांजवळचं लिंब एक तऱ्हेच्या पायऱ्यांनी बनतं, कर्णाजवळचं दुसऱ्या. आखणी नीट केली तर पाव भागातल्या आठांपैकी चार लिंबं कर्णाच्या पलीकडे उलटी वापरता येतात. राहिलेली चार मात्र चार वेगळी चित्रं आहेत. प्रत्येकाच्या गाठी वेगळ्या, आणि लांबून चारही जुळी वाटली पाहिजेत. हे काम यंत्रावर सोपवलं की आकडे बरोबर येतात पण कडा दातेरी दिसतात. कुठली पायरी एका गाठीनं लांबवायची हे शेवटी नजरेनंच ठरतं.

आणि कर्णाची ही सवलतही एका अटीवर. आडव्या आणि उभ्या दिशेला रज सारखा हवा. आडवा रज ताण्यावर ठरलेला असतो, तो बदलत नाही. उभा रज विणकराच्या हातात असतो: बाण्याचा धागा किती जाड आणि पंज्याचा, म्हणजे वीण ठोकून बसवायच्या फणीचा, ठोका किती जोरात. उभ्यात ७० ऐवजी ६६ पडले तर २ मीटरचा घुमट २ मीटर १२ सेंटिमीटर लांब होतो. फुलांच्या साध्या गालिच्यात १२ सेंटिमीटर कोणी पाहत नाही. वर्तुळात ते लगेच दिसतात. घुमटाचं अंडं होतं. त्यामुळे या गालिच्यावर दोन विणकर असतील तर त्यांचे हात जुळलेले असावे लागतात, आणि मोजपट्टी मागाजवळच टांगलेली लागते.

इस्फहानला असमान गाठ वापरतात, जिच्यात धागा एका ताण्याला पूर्ण वेढा घालतो आणि दुसऱ्याच्या मागून नुसता निघतो. ती दाट बसते आणि बारीक वळणांना सोयीची पडते. तब्रीझला दोन्ही ताण्यांना वेढणारी गाठ, आकडीच्या सुरीनं मारलेली, हात फार वेगवान. गुंबदी नक्षी दोन्हींकडे होते. गाठ कोणती यापेक्षा रज पुरेसा आहे का, हेच शेवटी महत्त्वाचं ठरतं.

चकाकी कुठे, माती कुठे

रंगांचं बऱ्यापैकी निभावतं. टाइलचा गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. लोकरीचा निळा निळीचा, आणि फिरोजीच्या जवळ जायचं तर हलक्या निळीवर पिवळ्याचा हात. तंतोतंत जुळत नाही, जुळायची गरजही नाही.

खरी गंमत चकाकीत आहे. मशिदीत बुट्टी चमकते आणि वीट चमकत नाही. १६ खिडक्यांतून आलेला उजेड लिंबांवर तुटून पडतो, मधली मातकट जागा तो गिळते. इस्फहानच्या चांगल्या गालिच्यात बारीक लोकरीबरोबर रेशीम वापरायची जुनी रीत आहे, बुट्ट्यांच्या बाह्यरेषांसाठी. ती रीत इथे जशीच्या तशी लागू पडली: टाइलच्या जागी रेशीम, विटेच्या जागी लोकर. जमिनीसाठी बदामी किंवा उंटाच्या रंगाची लोकर घेतलेले गालिचे पाहावेत. मशीद न पाहिलेल्यालाही तिथे माती जाणवते. जमीन गडद निळी किंवा लाल केली की नक्षी तीच राहते पण घुमट जातो. गिऱ्हाईक मागतं म्हणून तसे गालिचे विणले जातात, आणि भडक खोलीत ते खपतातही. सगळंच रेशीम वापरलेला गालिचा मला याहून मोठी चूक वाटते. सगळंच चमकलं की काहीच चमकत नाही.

एक लाभ मात्र कोणी न मागता मिळतो. मशिदीत ठरावीक वेळी प्रवेशाच्या वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा घुमटावर पडतो आणि शिखरावरचा गोल मोर व उन्हाचा पट्टा त्याचं शेपूट असल्यासारखं दिसतं. गालिच्याच्या तंतूंना एक कल असतो. विणकाम जिथून सुरू झालं त्या बाजूला ते झुकतात. त्यामुळे एका बाजूनं पाहिलं तर रंग फिके, चमकदार, आणि समोरच्या बाजूनं तेच रंग गडद. नक्षीत कुठलीही दिशा नसताना उजेडाला दिशा मिळते. घुमटाच्या बाबतीत हे इतकं चपखल बसतं की कोणी मुद्दाम योजलं असावं असं वाटावं. पण हा गाठीचा स्वभाव आहे, आणि तो प्रत्येक गालिच्यात असतो.

चौकोनी गालिच्याचं काय

गोल गालिचा ठेवायला जागा कमी घरांत असते, म्हणून हीच नक्षी आयतातही विणली जाते. मग चार कोपरे रिकामे राहतात. सोपा उपाय लचकांचा: कोपऱ्यात पाव-पाव तुरंज बसवायचे. दिसायला बरं दिसतं, पण इमारत तिथे संपते. मशिदीत चौरस पाया आणि गोल घुमट यांच्यामध्ये आठ कमानी आहेत, म्हणजे चौकोनातून वर्तुळात कसं शिरायचं याचं उत्तर इमारतीनं आधीच दिलेलं आहे. कोपऱ्यातल्या चार कमानी सपाट करून, त्यांची टोकं मध्याकडे वळवून कोपऱ्यांत घेतली आणि फिरोजी पिळाची किनार त्यांच्याभोवती फिरवली, की कोपरे नक्षीचाच भाग होतात. चौरस गालिच्यात हे फार छान जमतं. लांबट आयतात ओढाताण होते, दोन बाजूंना पट्टे उरतात आणि तिथे काहीतरी भरावंच लागतं. तिथे मी तरी लचकांनाच पसंती देईन.

हाच प्रयोग चौकाच्या पश्चिमेला करून पाहण्याचा मोह होतो. अली कापूच्या वरच्या मजल्यावर संगीताचं दालन आहे, त्याचं छत म्हणजे गिलाव्यात कापलेल्या सुरया, बाटल्या आणि फुलदाण्यांच्या आकारांची पोकळ कोनाड्यांची जाळी. खालून पाहायचं छतच आहे ते, त्यामुळे दिशेचा प्रश्न येत नाही. पण तिथली नक्षी पोकळीतून आणि तिच्या सावलीतून बनलेली आहे. सपाट गाठींवर सावली रंगवावी लागेल, आणि सावली रंगवली की उजेड कुठून येतो हे ठरवावं लागेल. म्हणजे पुन्हा दिशा. एकच वाट दिसते: रंग एक-दोनच ठेवायचे आणि तंतूंची उंची दोन ठेवायची, कोनाडे कातरून खोल करायचे, म्हणजे सावली खोलीतला खरा उजेड पाडेल. त्यासाठी लोकर नेहमीपेक्षा उंच ठेवावी लागेल, आणि उंच लोकरीत ७० रजचे बारकावे बुडतात. कोनाड्यांचे आकार मोठे आणि मोजके घेतले तर ४० रजमध्येही ते उतरेल असं वाटतं.